क्लोरिंदमावशी आणि तळलेला शुक्रवार

रोझेर कास्तोंगे पुढे मोठा माणूस झाला, मॉन्ट्रियलला गेला, टेलिव्हिजनवर दिसू लागला, एका साबणवाल्याने त्याच्या तोंडाचं कॅलेंडरसुद्धा काढलं. हे सगळं खरं. पण सेंत-एल्मीरमध्ये त्याची ओळख शेवटपर्यंत "एग्लांतिनचा तो, फादर न झालेला" अशीच राहिली. आमच्या गावात माणूस काय झाला यापेक्षा काय व्हायचा राहिला, हे लोक जास्त नीट लक्षात ठेवतात.

एग्लांतिनला तेरा मुलं. थोरला शेतीला, दोन मुली मठात, आणि सातवा रोझेर पाळण्यात असतानाच चर्चला देऊन टाकलेला. प्रत्येक घरातून एक फादर निघायला हवा असा आमच्या नदीकाठचा दंडक. ज्या घरातून निघत नाही त्या घराला रविवारी चर्चमध्ये बसायला जागा मिळते, पण शेजारचे जरा सरकून बसतात. मठातल्या मुली यात धरत नाहीत. रोझेर सहा वर्षांचा झाला तेव्हापासून एग्लांतिन त्याच्यासाठी पांढरा झगा भरत होती, फादर मंडळी वेदीपाशी उभी राहताना घालतात तसा. गळ्याशी गव्हाची कणसं, खाली घेराला द्राक्षांचे घोस, दर हिवाळ्यात दोन घोस. मुलगा काटकुळा होता म्हणून झगाही काटकुळाच शिवला होता.

रोझेरला फादर घडवणाऱ्या कॉलेजातून हाकललं ते बिशपच्या आवाजापायी. मुलांवर देखरेख करणारे एक जाडजूड फादर रोज झोपायच्या खोल्यांबाहेर फेऱ्या मारायचे. एकदा रोझेरने दाराच्या कुलपाच्या भोकातून, हुबेहूब बिशपच्या आवाजात, त्यांना आशीर्वाद दिला. ते भले गृहस्थ तिथेच व्हरांड्यात गुडघ्यांवर बसले. रोझेर तेवढ्यावर थांबला असता तर कदाचित आज स्वतःच बिशप असता. पण कुठे थांबायचं हे त्याला जन्मात कधी कळलं नाही. आशीर्वाद संपल्यावर त्याने त्यांना रात्रीच्या जेवणात बटाटे कमी खायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी रोझेर पत्र्याच्या पेटीसकट घरी.

एग्लांतिन ओरडली नाही. तिने झग्याची घडी घातली, घडीत डांबराच्या गोळ्या ठेवल्या आणि ट्रंक बंद केली.

"आता काय करणार आहेस?"

"बघू."

"बघ. आधी गोठा बघ," ती म्हणाली.

चार वर्षं त्याने गोठा बघितला. गाईंनी त्याच्या नकलांना कधी दाद दिली नाही, हे त्याने पुढे अनेक मुलाखतींत बोलून दाखवलं. मग पाँफिल दामूरने त्याला बोलावून घेतलं. हा दामूर गावात शवपेट्या विकायचा, आणि दुकानाच्या माडीवर त्याने रेडिओकेंद्र काढलं होतं. खाली सुतारांची ठोकाठोक जोरात चालली की वर बातम्या थांबवाव्या लागत. पण त्याचा फायदाही होता. जिल्ह्यात कोण गेलं ही बातमी आमच्या केंद्राइतकी लवकर कुणाकडेच नसायची. कधीकधी तर पेशंटच्या घरी कळायच्या आधी.

रोझेरचं काम म्हणजे बर्फामुळे कुठली शाळा बंद, कुणाची गाय हरवली, कुणाचा डावा हातमोजा चर्चच्या पायरीवर सापडला, हे वाचून दाखवायचं. एके दिवशी लोकरीच्या लांब चड्ड्यांची जाहिरात वाचताना त्याला कंटाळा आला आणि ती त्याने एका म्हातारीच्या आवाजात वाचली. म्हातारीने दुकानदाराशी घासाघीस केली, चड्डीचा नाडा ओढून बघितला, नवऱ्याच्या मापाबद्दल दोन शब्द बोलली आणि शेवटी म्हणाली, "राहू दे, त्याला काय, तो घरातच बसतो." दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या चड्ड्या संपल्या. क्लोरिंदमावशीचा जन्म हा असा झाला. माणसाच्या कीर्तीची सुरुवात कुठून होईल सांगता येत नाही.

तेव्हापासून आमच्याकडे संध्याकाळचा क्रम ठरून गेला. सात वाजता रेडिओवर फादर बेल्झील जपमाळ म्हणायचे. घरोघर स्वयंपाकघरात लोक खुर्च्यांच्या पाठीला कोपर टेकून गुडघ्यांवर बसत आणि रेडिओला उत्तर देत. सव्वासातला क्लोरिंदमावशी. आमच्याकडची माणसं गुडघ्यांवरून उठायला वेळ लावतात, त्यामुळे निम्मा जिल्हा मावशीचा पहिला विनोद गुडघ्यांवरच ऐकायचा. क्लोरिंदमावशी कोंबड्यांशी भांडायची, डॉक्टरला औषध सांगायची, आणि तिचा सगळ्यात आवडता उद्योग म्हणजे शेजाऱ्यांचे फोन ऐकणं. हा उद्योग आमच्याकडे सगळेच करतात. नदीपासून मोजत गेलं की शेतांच्या रांगा लागतात, आणि एकेका रांगेतल्या नऊ-दहा घरांना टेलिफोनची तार एकच. घंटा कुणाचीही वाजो, ती प्रत्येक घरात वाजते. आपली नसली तरी उचलतात, श्वास रोखून ऐकतात आणि नंतर भेटल्यावर "हो का? मला कुठे माहीत" असं म्हणतात.

अडचण एकच होती. क्लोरिंदमावशी म्हणजे एग्लांतिन होती. तोच खाकरून बोलायचा सूर, वाक्याच्या शेवटी तेच "समजलं ना?", वाईट बातमी ऐकताना हात एप्रनला पुसायची तीच सवय. रेडिओवर हात पुसताना दिसत नाही, पण रोझेर पुसायचा, आणि लोकांना ऐकू यायचं. तिसऱ्या रांगेत, म्हणजे एग्लांतिनच्या रांगेत, तर शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. एग्लांतिनने पहिलाच कार्यक्रम ऐकला, रेडिओ बंद केला आणि सगळ्या मुला-सुनांसमोर संत अॅनच्या तसबिरीवर हात ठेवला. "फादर व्हायचं सोडून हा बाई झाला. या घरातल्या रेडिओतून त्याचा तो चावटपणा पुन्हा ऐकला, तर माझी जीभ गळून पडो." त्या घरात कुणी शपथ मोडल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. पुढची अकरा वर्षं रोज सव्वासातला, माळ संपली रे संपली की तिच्या स्वयंपाकघरातला रेडिओ टक्‌ करून बंद व्हायचा.

रोझेर दर रविवारी जेवायला घरी जायचा. आई वाटाण्याचं सूप वाढायची, हवा, गाय, सुनेचं बाळंतपण, सगळं बोलायची. रेडिओबद्दल अवाक्षर नाही. जणू तिचा मुलगा आठवडाभर कुठे जातो हे तिला कळलंच नव्हतं. जिल्हाभर लोक त्याला रस्त्यात थांबवून हात मिळवायचे, एका बाईने त्याच्या नावावरून डुकराच्या पिल्लाचं नाव ठेवलं होतं, आणि या गड्याला हवं होतं फक्त त्या एका स्वयंपाकघरातून एखादं बरं-वाईट वाक्य. शिवी चालली असती. तो मुद्दाम तिला डिवचायचा. एकदा क्लोरिंदमावशीने टोपीवरच्या हिरव्या पिसाचं इतकं कौतुक करून घेतलं की लोक हसून लोळले. पुढच्या रविवारी आईच्या टोपीवरचं हिरवं पीस गायब. रोझेरला वाटलं, शेजारच्या अल्झीरबाईने चुगली केली असणार.

तर असं चाललं असताना तो मार्चमधला शुक्रवार आला.

शुक्रवार, आणि तोही ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांतला. म्हणजे मांस तर सोडाच, मांसाचा विचार करणाऱ्यानेसुद्धा शनिवारी पापकबुलीला जावं असा दिवस. दुपारी फादर बेल्झील घोड्याची घसरगाडी घेऊन तिसऱ्या रांगेत म्हाताऱ्या नार्सिसला मरणाआधीचं शेवटचं तेल लावायला गेले. नार्सिसला शेवटचं तेल लावायची ही सातवी वेळ. एकटा राहायचा, हिवाळ्यात करमायचं नाही, म्हणून मरायला टेकायचा. फादर आले, तेल लागलं, गावातल्या चार बातम्या ऐकल्या की उठून बसायचा. त्या दिवशी तो उठून बसला आणि बाहेर वादळ उठलं. हाताची बोटं दिसेनात असा बर्फ. पाचच्या सुमाराला पुलाजवळचा टेलिफोनचा खांब पडला आणि तिसरी रांग जगापासून तुटली.

सातला दहा कमी असताना पाँफिल दामूर माडीवर येरझारा घालत होता.

"फादर कुठायत?"

"नार्सिसकडे अडकले असणार," रोझेर म्हणाला.

"अकरा वर्षांत माळ एकदा चुकलेली नाही. बिशपला कळलं तर काय म्हणेल? लोक गुडघ्यांवर बसतील आणि रेडिओतून नुसती खरखर येईल. तूच म्हण."

"मी?"

"कॉलेजात होतास ना? येते ना?"

"येते. पण माझ्या आवाजात लोक..."

"म्हणून दाखव."

रोझेरने डोळे मिटले, हात जोडले आणि अगदी मनापासून सुरुवात केली, "नमो मारिया, कृपापूर्णे..." पुढचं उत्तर द्यायचं काम दामूरचं. दामूरने तोंड उघडलं, त्याचे गाल फुगले, आणि तो रुमालात तोंड घालून भिंतीकडे वळला. यंत्र सांभाळणारा तर टेबलाखाली काहीतरी शोधायला गेला तो वर येईना.

"अहो, मी काय केलं?"

"काही नाही रे," दामूर डोळे पुसत म्हणाला. "तू बोललास की चड्ड्याच आठवतात."

आता पेच पडला. माळ चुकली तर पाप, आणि माळेला सगळा जिल्हा खो खो हसला तर ते त्याहून मोठं पाप. घड्याळात तीन मिनिटं उरली होती. रोझेरने घसा साफ केला, हनुवटी गळ्यात रुतवली, आणि नाकातून लांबवलेला, जरासा गारठलेला आवाज खोलीभर पसरला, "माझ्या प्रिय बंधुभगिनींनो..." दामूर झटकन गुडघ्यांवर बसला. फादर बेल्झील नाहीत हे डोळ्यांनी दिसत असून बसला. मग काय, ठरलंच.

त्या संध्याकाळच्या माळेची आठवण जुनी माणसं अजून काढतात. फादर दर दहाव्या मण्याला खोकायचे, रोझेर खोकला. "पाप" म्हणताना त्यांचा स्वर खाली यायचा, याचाही आला. दहा-दहा मण्यांची पाचही दशकं पार पडली, कुणाला संशयसुद्धा आला नाही, आणि इथे शहाणा माणूस थांबला असता. पण माळेनंतर फादर रोज दोन शब्द बोलायचे. ते नसते तर लोकांना चुकल्यासारखं वाटलं असतं, असं रोझेरने नंतर सगळ्यांना पटवून द्यायचा प्रयत्न केला. समोर दिवसभरातले निरोप पडले होते. उपवासाला चालणाऱ्या खारवलेल्या कॉड माशाची गाडी वादळामुळे आलीच नव्हती. चौदा पोरांच्या एका आईने फोन तुटायच्या आधी विचारलं होतं, घरात बीन्स आणि खारवलेलं डुकराचं मांस सोडून काही नाही, पोरं रडतायत, काय करू?

रोझेरला त्या बाईची दया आली. ही दयाच त्याला नडली.

"माझ्या प्रिय बंधुभगिनींनो," फादरांच्या आवाजात तो म्हणाला, "या वादळात ज्याच्या घरात जे आहे ते त्याने खावं. देवाला उपाशी पोरं नको आहेत." इथपर्यंतसुद्धा ठीक होतं. "डुकराचं असलं तरी चालेल." दामूरने मान वर केली. "तळलं तरी चालेल," रोझेर म्हणाला. "कुरकुरीत होईपर्यंत तळा. वरून मेपलचा पाक घाला. मी असतो तर घातला असता."

आणि लगेच सव्वासात वाजले, तेव्हा क्लोरिंदमावशी आली आणि म्हणाली, "ऐकलंत ना फादर काय म्हणाले? मी तर तवा चढवलासुद्धा, समजलं ना?"

पाऊण तासाने ते दोघे खाली उतरले. वारा जरा पडला होता आणि सबंध सेंत-एल्मीरवर तळलेल्या डुकराचा वास पसरला होता. उपवासाच्या शुक्रवारी. प्रत्येक धुराड्यातून. चर्चच्या पलीकडच्या मठातूनसुद्धा.

"रोझेर," दामूरने त्याची बाही धरली. "ही परवानगी फक्त फादर देऊ शकतात."

"फादरांनीच दिली की."

"अरे, पण फादर तू होतास."

रोझेरच्या तोंडचं पाणी पळालं. गावाचं सोडा, बिशपचंही सोडा. त्याच्या डोळ्यांसमोर एकच तवा आला, आणि त्या तव्यासमोर आई. वयाच्या सातव्या वर्षापासून तिने शुक्रवारी मांसाला हात लावला नव्हता. बाळंतपणातसुद्धा नाही. तिने जर फादरांच्या शब्दावर विश्वास ठेवून घास खाल्ला असेल, आणि तो शब्द फादरांचा नसून पोटच्या पोराचा होता हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळलं, तर ती त्याच्याशी हवेबद्दलसुद्धा बोलणार नव्हती.

शनिवारी उजाडल्यावर त्याने बर्फावर चालायचे जाळीचे जोडे पायांत बांधले आणि तिसऱ्या रांगेची वाट धरली. दोन तास चालला. आईला काय सांगायचं हे त्याने चार आवाजांत घोकून पाहिलं, स्वतःचा आवाज सगळ्यात वाईट लागत होता. दाराबाहेर घोड्याची घसरगाडी अर्धी बर्फात गाडलेली होती. ती कुणाची हे बघण्याइतकं त्याचं मन ठिकाणावर नव्हतं. त्याने दार ढकललं.

चुलीशेजारी डोलखुर्चीत फादर बेल्झील बसले होते. अंगात पांढरा झगा. तोच झगा. काटकुळ्या मुलासाठी शिवलेला, आणि फादरांचं पोट तर सगळ्या गावाला माहीत. गव्हाची कणसं हनुवटीखाली ताणून बसली होती, द्राक्षांचे घोस मांड्यांवर तटतटले होते, खालून रोझेरच्या वारलेल्या बापाचे तांबडे लोकरी मोजे दिसत होते. फादरांचे स्वतःचे कपडे चुलीवरच्या दोरीला वाळत होते. हातात बीन्सची ताटली, आणि बीन्सवर कुरकुरीत तळलेले तुकडे.

"या फादर," फादर बेल्झील म्हणाले.

रोझेरने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"तुलाच म्हणतोय. काल माझी माळ तू म्हटलीस, मी तुझा झगा घालून बसलोय. अदलाबदल पुरी झाली. बस."

रोझेर बसला. खुर्ची नव्हती तिथे बसला, मग उठून खुर्चीत बसला. आई चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"नार्सिसकडून निघालो आणि घोडा इथल्या वळणावर रुतला," फादर सांगू लागले. "घोटे भिजले, मांड्या भिजल्या, एग्लांतिनबाईंनी आत घेतलं. फादरच्या अंगाला शोभेल असं घरात एवढंच आहे म्हणाल्या. सात वाजता त्यांनी रेडिओ लावला. मी म्हटलं, बाई, आज कशाला लावता, माळ म्हणणारा तर इथे बसलाय. आणि तेवढ्यात मी तिकडे सुरू झालो."

"मग?"

"मग काय, गुडघ्यांवर बसलो. मीच सांगतोय म्हटल्यावर ऐकायला नको?" फादरांनी एक तुकडा तोंडात टाकला. "एक विचारू? मी दहाव्या मण्याला खोकतो?"

"दर वेळी, फादर."

"काहीतरीच. एग्लांतिनबाई, मी खोकतो?"

"खोकता," आई न वळता म्हणाली.

फादरांनी एकदा खोकून बघितलं. रोझेरने धीर गोळा केला.

"फादर, ते शेवटचं... मांसाचं..."

"हां. तिथे मला राग यायला हवा होता," फादर म्हणाले. "पण खरं सांगतो, त्या वेळी माझ्या पुढ्यात चहा आणि वाळलेल्या पावाचा तुकडा होता, आणि खुंटीवर हे असलं मांस टांगलेलं होतं. तू म्हणालास, डुकराचं चालेल. मी मान डोलावली. तळलं तरी चालेल म्हणालास, तेव्हा मी तोंडाने 'हो' म्हणालो. तुझ्या आई साक्षीला आहेत. आवाज तिकडे होता, अधिकार इकडे होता, दोन्ही एकाच वेळी. परवानगी पक्की." त्यांनी ताटली चाटूनपुसून साफ केली. "तो पाकाचा मुद्दा मला सुचला नसता."

"आणि माझं प्रायश्चित्त?"

"ईस्टरपर्यंत रोज खारा कॉड. आणि पुन्हा कधी माझा आवाज काढलास तर गाठ माझ्याशी आहे." फादर पुढे झुकले तशी काखेतली शिवण उसवल्याचा आवाज आला. "पुढच्या गुरुवारी मात्र मला बहिणीकडे जायचंय. त्या दिवशीचं बघू."

रोझेरच्या डोक्यावरचा डोंगर उतरला. पण त्याचे डोळे आईच्या पाठीवरच होते.

"आई, तू ओळखलंस?"

"पहिल्या मण्याला. फादर म्हणताना डोळे मिटतात. तू उघडे ठेवले होतेस."

"रेडिओवर डोळे दिसतात?"

"मला दिसतात." तिने भांड्यावर झाकण ठेवलं. "माळ चांगली म्हटलीस. तुझ्या बापाला आवडली असती."

अकरा वर्षांत रेडिओवरच्या त्याच्या आवाजाबद्दल आईने काढलेला हा पहिला शब्द. रोझेरला आत कुठेतरी ऊब वाटली आणि लगेच हावही सुटली, कारण थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"आणि माळेनंतरचं?"

"माळ झाली, फादरांचे दोन शब्द झाले, मी रेडिओ बंद केला," ती म्हणाली. "रोज करते तसा." आणि टोपली उचलून ती कोंबड्यांच्या खुराड्याकडे अंडी आणायला गेली.

रोझेर ताटलीकडे बघत बसला. त्याला फार वाईट वाटलं. चूक कबूल झाली होती, माफीही मिळाली होती, मग रडायचं कारण काय, असं त्याने स्वतःलाच विचारलं. फादर बेल्झील खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, काच पुरी बर्फाने झाकली होती.

तेवढ्यात भिंतीवरचा टेलिफोन वाजला. दोन लांब, एक आखूड. ही एग्लांतिनच्या घराची घंटा. पुलाजवळचा खांब पडला असला तरी रांगेतली घरं आपसात बोलत होती. रोझेर उठला आणि त्याने फोन कानाला लावला. तो काही बोलायच्या आतच पलीकडून अल्झीरबाई सुरू झाली.

"एग्लांतिन, ऐक गं. आज हॉकीची मोठी मॅच, आमच्या ह्यांना त्याआधीची बडबड ऐकायची आहे. मी त्यांना आधी जेवायला बसवते आणि मग रोजच्यासारखा रेडिओपाशी फोन धरते. पण पाच मिनिटं उशीर होईल. अकरा वर्षांत कधी चुकवलं नाही, आज एवढं सांभाळून घे. मावशीचं सुरुवातीचं थोडं जाईल तुझं. चालेल?"

रोझेरने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"एग्लांतिन? आहेस ना? आणि काल हसता हसता तुला ठसका लागला, तो फादरांनी ऐकला नाही ना? मला इकडे ऐकू आला हो."

आता काहीतरी बोलणं भाग होतं. रोझेर खाकरला आणि रोज संध्याकाळी ज्या आवाजात बोलायचा त्याच आवाजात म्हणाला, "चालेल. पण पाचच मिनिटं, समजलं ना?"

"समजलं बाई," अल्झीर म्हणाली.

"मलाही चालेल," तारेवर तिसराच आवाज म्हणाला. "माझाही रेडिओ बिघडलाय."

रोझेरने फोन टांगला आणि फादरांकडे पाहिलं. फादर रिकाम्या ताटलीतले बीन्स मोजत होते.

"फादर, काल सव्वासातला इथे..."

"मला काही विचारू नकोस," फादर म्हणाले. "मी या भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. अर्धा तास. बाई फोन कानाला लावून उभ्या होत्या, एप्रन तोंडात कोंबलेला होता आणि खांदे हलत होते, यातलं मला काहीएक दिसलं नाही."

दार उघडलं. एग्लांतिन टोपली घेऊन आत आली, तिने मुलाचं तोंड पाहिलं, मग भिंतीवरचा फोन पाहिला. नकळत तिने हात एप्रनला पुसले.

"कोण होतं?"

"अल्झीरबाई. आज पाच मिनिटं उशीर होईल म्हणाल्या."

एग्लांतिनने अंडी एकेक करून वाडग्यात ठेवली.

"शपथ रेडिओची होती," ती म्हणाली. "फोनची नव्हती."

"पक्की आहे," फादर बेल्झील पुटपुटले. "काही दोष नाही."

रोझेरला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. बर्फ वितळून गालांवर आलेलं पाणी होतंच, त्यात ते मिसळलं. तिने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि कोटाची बटणं लावायला त्याला जवळ ओढलं, तो पस्तीस वर्षांचा असूनही.

"रडतोस काय? सातच्या आत पोचायचंय तुला. अल्झीर उशीर करणारच आहे, तू तरी वेळेवर जा. आणि ती तुझी क्लोरिंद चहात तीन चमचे साखर घालते, ते बंद कर. अकरा वर्षं ऐकतेय. मी दोनच घालते."

त्या दिवशी सव्वासातला जिल्हाभर लोक गुडघ्यांवर बसून मावशीची वाट बघत होते आणि रेडिओवर रोझेर आपल्या स्वतःच्या आवाजात हरवलेल्या हातमोज्यांची यादी वाचत होता. डावा, तपकिरी. उजवा, राखाडी. मग दोन गाई. मग कालच्या वादळात कुणाच्या दारचं फावडं कुणाच्या दारी गेलं ते. पाँफिल दामूर काचेपलीकडून मूठ दाखवत होता, कपाळावर हात मारत होता, घड्याळाकडे बोट करत होता. रोझेरने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घड्याळात सात वाजून वीस मिनिटं झाली तेव्हा त्याने यादी बाजूला ठेवली, खाकरला, आणि क्लोरिंदमावशीने आपल्यासाठी चहा ओतून त्यात साखर घातली. दोन चमचे.